मंडळी गाते ती पट्टी

ऐंशीच्या दशकात सात-आठ वर्षं मी दर शनिवारी दुपारी घाटकोपरला एका बालवाडीच्या खोलीत पेटी घेऊन बसत असे. मुलुंडच्या एका कारखान्यात मी स्टोअर्सला होतो. शनिवारी अर्धा दिवस असायचा. डबा कँटीनमध्येच खाऊन मी थेट वर्गावर जायचो. शिकायला येणारी माणसं मोठी, कामाधंद्याची होती. विक्रोळी, कांजूर, भांडुप, घाटकोपरचा डोंगर, अशा ठिकाणच्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांनी त्यांना पाठवलेलं असायचं. मंडळी म्हणजे पंचवीस-तीस घरं. कुठं चाळीतली एक खोली, कुठं पत्र्याची शेड, भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं काढलेला क्रूस, खाली सतरंज्या. पाळकसाहेब एकच, रविवारी तीन ठिकाणी उपासना घ्यायचे. ते पोचेपर्यंत कोणीतरी गाणी चालू ठेवावी लागायची. हे 'कोणीतरी' तयार करणं माझ्याकडे होतं. पेटीवर बसून गीत उचलायचं, मंडळीला बरोबर घेऊन शेवटच्या कडव्यापर्यंत न्यायचं. अशा माणसाला आम्ही गीतपुढारी म्हणायचो.

हे काम मी चांगलं केलं असं लोक म्हणतात. अजून म्हणतात, म्हणूनच लिहायला बसलो. या कामात मी एका बाईची रविवारची पेटीवरची जागा काढून घेतली, आणि पुढं तिचीच रीत माझी म्हणून शिकवत राहिलो. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो, आज अठ्ठ्याहत्तरचा आहे. चूक कळायला इतकी वर्षं लागली असं मात्र नाही. ती त्याच दिवशी कळली होती.

आधी माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगायला हवं. ते कीर्तनकार होते. शुभवर्तमानातल्या गोष्टी कीर्तनातून सांगायचे. आधी नगरकडच्या गावांमधून, नंतर मुंबईत वस्त्यांमधून. त्यांचा आवाज पांढरी चारचा. गाणाऱ्याचा 'सा' पेटीच्या कुठल्या पट्टीवर, त्यावरून गाणं किती उंच जाणार ते ठरतं. पांढरी चार म्हणजे चांगलीच उंच. माइक नसायचा, मैदानात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचायला हवा, म्हणून ते तिथं गायचे. आई त्यांच्या मागं उभी राहून झांज वाजवायची. वडील गेले तेव्हा त्यांची पेटी माझ्याकडे आली आणि पट्टीही. वर्गात मी सगळ्यांना तिथंच गायला लावायचो. "पुढाऱ्याचा आवाज खोलीत सगळ्यांच्या वर पाहिजे," हे माझं ठरलेलं वाक्य. ज्याला ते जमायचं नाही त्याला मी आणखी सराव सांगायचो.

मावशी आल्या त्या डोंगरावरच्या मंडळीकडून. घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात त्या आया होत्या. तिथं आयाला सगळे मावशीच म्हणतात, त्यामुळं वर्गातही त्या मावशी झाल्या. वय चाळिसाच्या थोडं पुढं. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. हाताला फिनेलचा वास, नखं कापून अगदी बारीक केलेली. त्यांच्या मंडळीत आधी पेटी वाजवणारे गृहस्थ गावी गेले, तेव्हापासून दोन वर्षं मावशीच पेटीवर बसत होत्या. कोणी शिकवलं नव्हतं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी पाठवलं ते 'जरा शास्त्रशुद्ध शिकून या' म्हणून.

पहिल्याच दिवशी मी एक जुनं सकाळचं गीत काढलं आणि त्यांना विचारलं, "कुठल्या पट्टीत उचलणार, मावशी?"

"कुठल्या मंडळीत?"

"मंडळीचं काय? गीत तेच आहे."

"नाही, पण कोण कोण आलंय ते बघून सांगते."

वर्गात हशा फुटला. ढोलकी शिकायला येणारा एक फिटर होता, भांडुपचा, तोंडानं फटकळ. तो म्हणाला, "मास्तर, मावशी केसपेपर काढल्याशिवाय कोणाला गाऊच देणार नाय!"

"तू हस," मावशी म्हणाल्या. "मागच्या रविवारी आमच्याकडं ढोलकी वाजवायला आलास ना, तर पाळकसाहेबांची प्रार्थना आम्हाला कोणाला ऐकू आली नाही. देवाला तरी आली का, विचार जाऊन."

फिटर सगळ्यांत मोठ्यानं हसला. मीही हसलो. आणि मग शिक्षकाच्या आवाजात म्हणालो, "मावशी, पट्टी पुढारी ठरवतो. लोक त्याच्या मागं येतात."

"येत नाहीत ना पण, मास्तर," त्या म्हणाल्या. त्यात उद्धटपणा नव्हता. वॉर्डातली एखादी गोष्ट डॉक्टरच्या कानावर घालावी तसं. "आमच्याकडं या गीताची तिसरी ओळ वर चढली की म्हाताऱ्या गप होतात. मग चौथीला परत येतात. मी बघितलंय. म्हणून मी आधी त्यांच्याशी जरा बोलते. कशा आहात, पाय कसा आहे, सून आली का. त्यांचं बोलणं कुठं आहे ते कानात राहतं. गाणं त्या बोलण्याच्या जरासंच वर ठेवायचं. मग तिसऱ्या ओळीलाही त्या असतात."

"हे कुठं शिकलात?"

"वॉर्डात. कळा देणाऱ्या बाईला वरच्या आवाजात सांगितलं, की ती घाबरते. ती ज्या आवाजात कण्हते ना, त्याच आवाजात तिच्याशी बोलायचं. मग ती ऐकते."

मला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून मी म्हणालो, "बरं, ते वॉर्डात. इथं पांढरी चारवर हात ठेवा."

त्यांनी ठेवला. प्रामाणिकपणे पाच महिने ठेवला. एका शनिवारी ड्यूटी बदलून घेऊन आल्या, एका शनिवारी रात्रपाळी करून न झोपता आल्या. गाणी एका शंभर पानी वहीत उतरवून घ्यायच्या, प्रत्येक गाण्याखाली माझ्या सूचना. पांढरी चारला त्यांचा आवाज चिरकायचा. त्या माझ्याकडं बघून मान हलवायच्या, म्हणजे, समजलं, पुन्हा करते.

वर्ग संपताना मुलुंडला आमची संयुक्त उपासना असे. सगळ्या मंडळ्या एकत्र यायच्या आणि शिकलेला प्रत्येक जण एकेक गीत सांगायचा, म्हणजे मंडळीकडून म्हणवून घ्यायचा. मी मागं बसून वहीत नोंद करायचो. त्यावरून प्रत्येकाच्या पंचांना माझी चिठ्ठी जायची, की अमुक जण पेटीवर बसायला तयार आहे. चिठ्ठीला किंमत होती. पंच माझ्या शब्दाबाहेर जात नसत.

त्या रविवारी आई माझ्याबरोबर होती. तिला दिसायला कमी झालं होतं, पण संयुक्त उपासना ती चुकवत नसे. मी तिला शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसवलं. फिटरनं ढोलकी बरी वाजवली. पोस्टात काम करणारा एक जण उंच, खणखणीत गायला, अगदी मी शिकवलं होतं तसा. मंडळी त्याचं गाणं ऐकत होती. मी खूश झालो. ऐकत होती, गात नव्हती, हे मी पाहिलं नाही.

मग मावशींची पाळी. त्या पेटीकडं गेल्याच नाहीत. आधी बाकांच्या कडेनं फिरू लागल्या. एका म्हाताऱ्या बाबांपाशी वाकून काहीतरी विचारलं, दोन आजीबाईंशी बोलल्या. मला वाटलं, काय ही बाई, सगळे थांबलेत आणि ही गप्पा मारतेय. आमच्या बाकापर्यंत आल्या आणि आईचा हात हातात घेऊन, आमच्यात भेटताना म्हणतात तसं, सलाम म्हणाल्या. "सलाम आई. लांबून आलात?"

"भांडुपहून. हा माझा मुलगा," आई म्हणाली.

"मास्तर होय! मग तुम्हाला घरीच गाणं."

"घरी ऐकायला," आई म्हणाली.

मावशी हसल्या, तिथून जाऊन पेटीमागं बसल्या, भाता हलवला आणि सूर धरला. खूप खाली होता. मी शिकवलेल्या जागेपासून कितीतरी खाली. माझ्या कानाला ते गाणं जमिनीवर बसल्यासारखं वाटलं. पहिली ओळ त्यांनी एकटीनं म्हटली. दुसरीला बायका आल्या. तिसरी ओळ, ती चढणारी, सगळ्या खोलीनं उचलली. पुरुषांचे जाड आवाज खालून, बायकांचे वरून. छताचे पत्रे वाजू लागले. मावशींचा आवाज त्यात कुठं गेला ते कळेना. ओठ हलत होते, पण आवाज शोधून सापडत नव्हता. आणि माझ्या उजव्या बाजूला कोणीतरी गात होतं. वळून पाहिलं तर आई.

आईला गाताना मी पहिल्यांदा ऐकलं. डोळे मिटले होते, मावशींनी धरलेला हात तसाच मांडीवर उघडा होता. आवाज थरथरत होता पण सुरात होता. सगळी कडवी तिला पाठ होती.

घरी जाताना रिक्षात ती म्हणाली, "तुझ्या बापाबरोबर पंचवीस वर्षं कीर्तनाला उभी राहिले रे. हात दुखेपर्यंत झांज वाजवली. गायचं फार मनात यायचं. पण ते इतके वर असायचे, की मी पोचायचीच नाही. आज गायले बघ."

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, आनंदानं सांगितलं. पण मला ते वडिलांवर बोट ठेवल्यासारखं लागलं. वडिलांवर आणि माझ्यावर. ज्या पट्टीचा मला अभिमान होता, तिनं माझ्या आईला पंचवीस वर्षं गप्प बसवलं होतं, आणि एका आयानं ते दोन मिनिटांत मोडून काढलं. मी चांगला माणूस असतो तर त्या रात्री मावशींना गुरू केलं असतं. मी चिठ्ठी लिहिली: "आवाज दबका आहे. पुढारी ऐकू येत नाही. पेटीवर बसण्यास योग्य नाही."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. पुढारी ऐकू येत नव्हता. लहान मंडळीत गीतपुढाऱ्याचं काम नीट झालं की असंच होतं, हे मी आता शपथेवर सांगेन. तेव्हा मी ते दोष म्हणून लिहिलं, आणि लिहिताना मला माहीत होतं की तो दोष नाही.

डोंगरावरच्या मंडळीचे सेक्रेटरी नंतर मला स्टेशनबाहेर भेटले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही लिहिलंत म्हणजे विषय संपला. तसंही आमच्यात दोन डोकी आहेतच, बाईमाणूस पेटीवर कशाला म्हणणारी. त्यांचं काम तुम्ही सोपं केलंत." मी म्हणालो, "तसं नाही हो, आवाजाचा प्रश्न आहे." "तेच ते," ते म्हणाले. पोस्टातल्या त्या खणखणीत गृहस्थाला त्यांनी आपल्याकडं बोलावून घेतलं. मावशी मागच्या सतरंजीवर जाऊन बसल्या.

पुढच्या शनिवारी मावशी वर्गावर आल्या. वर्ग त्यांच्यासाठी संपला होता, तरी आल्या. बाकीचे यायचे होते. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सलाम मास्तर. एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"दबका म्हणजे किती दबका? सरावानं जाईल का?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या खरोखर विचारत होत्या, डॉक्टरला विचारावं तसं. मी पेटीचं झाकण पुसत होतो. पुसता पुसता म्हणालो, "वयानं आवाज तसा होतो, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या. "कळलं ते बरं झालं. मी आपली दोन वर्षं लोकांना त्रास देत होते." आणि उतरून गेल्या.

फिटर अधूनमधून त्यांच्या मंडळीत ढोलकीला जायचा. त्यानं काही महिन्यांनी सांगितलं, "मास्तर, मावशी आता गातच नाय. तोंड मिटून बसते. मी बोललो, काय मावशी, उपास आहे का गाण्याचा? तर म्हणे, माझा आवाज मध्ये येतो रे." तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला काय कळलं होतं आणि किती, मला माहीत नाही. मी त्याला ठेका धरायला सांगितलं.

इकडं आई माझ्या मागं लागली होती. "मला त्या बाईंच्या मंडळीत ने ना एकदा. डोंगर चढेन मी हळूहळू." मी सांगितलं, त्यांना रविवारी ड्यूटी असते. महिन्याभरानं ती पुन्हा विचारायची, मी पुन्हा तेच सांगायचो. खोटं बोलायला सोपं जातं ते पहिल्यांदा नाही, तिसऱ्या-चौथ्यांदा.

पुढच्या वर्षी आई मोरीत पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ती अंथरुणाला खिळली. मंडळीतल्या बायका आळीपाळीनं यायच्या. एका दुपारी दार वाजलं तर मावशी. फिटरनं त्यांना सांगितलं होतं. सकाळची ड्यूटी संपवून, पांढऱ्या साडीतच आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा," आणि आईला न दुखवता कुशीवर वळवून खालची चादर बदलली. माझ्या बायकोला ते कसं करायचं ते दाखवलं. पाठीला पावडर लावली. मग खाटेशेजारी खाली बसून आईशी बोलत राहिल्या. मी पॅसेजमध्ये होतो. बोलता बोलता कधी गाणं सुरू झालं ते मला कळलं नाही. दोघी म्हणत होत्या, अगदी खाली, शेजारच्या खोलीतही जाणार नाही इतकं. डोंगरावर तोंड मिटून बसणारी बाई माझ्या घरात गात होती, कारण माझी आई एकटी गाऊ शकली नसती.

मी आत गेलो तेव्हा आई त्यांना म्हणत होती, "तुमची रविवारची ड्यूटी बदलून देत नाहीत का हो? मला तुमच्याकडं यायचंय गायला."

मावशींच्या हातात उशी होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग उशी ठाकठीक करून आईच्या मानेखाली सरकवत म्हणाल्या, "सांगून बघते मेट्रनला, आई. आधी तुम्ही उठा."

मी त्यांना खाली सोडायला गेलो. तीन मजले उतरेपर्यंत बोलायला वेळ होता. शेवटच्या जिन्यात मी म्हणालो, "मावशी, आईला मी ते ड्यूटीचं..."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आजारी माणसाला कशाला सांगायचं."

एवढी मोकळी वाट त्यांनी मला करून दिली. मला फक्त पुढचं वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "पायरी तुटलीये, जपून."

आई तीन महिन्यांनी गेली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, मेट्रन ऐकत नाही.

त्यानंतरच्या वर्गात माझ्या तोंडून पांढरी चार निघेना. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "मास्तर, कुठल्या पट्टीत उचलू?" आणि मी म्हणालो, "कोण आलंय ते बघा. आधी माणसांशी बोला, मग पेटी उघडा." वर्गानं ते वहीत उतरवलं. एक जण म्हणाला, "वा मास्तर, हे कधी कोणी सांगितलं नव्हतं." त्या वेळी मी सांगू शकलो असतो की मला सांगितलं होतं, याच खोलीत, इथंच बसून. पण मग चिठ्ठीचं सांगावं लागलं असतं. मी मान डोलावली.

ते वाक्य पसरलं. मंडळ्यांमध्ये फरक दिसू लागला. म्हातारी माणसं गाऊ लागली, घरी राहणारी येऊ लागली. मला अंधेरीला, मालाडला, मढच्या बाजूच्या एका लहान मंडळीतही बोलावणी आली. या मंडळ्यांच्या संयुक्त समितीनं माझ्या सूचनांची पुस्तिका काढली. पहिल्या पानावर ते वाक्य आणि खाली माझं नाव.

दशक संपत आलं होतं. रविवारी सकाळी टीव्हीवरच्या मालिकेमुळं उपासनेच्या वेळा बदलाव्या लागल्याचा तो काळ. बोरिवलीला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत, तळमजल्याच्या एका खोलीत भरणाऱ्या मंडळीनं मला बोलावलं होतं. वीसेक माणसं होती. मी रंगात आलो होतो. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं कानात ठेवा, गाणं त्याच्या जरासंच वर ठेवा, तिसऱ्या ओळीला कोण गप होतं ते बघा. कळा देणाऱ्या बाईचंसुद्धा मी सांगितलं. आणि सांगता सांगता मला मागच्या भिंतीशी मावशी दिसल्या.

नोकरी सोडून त्या बोरिवलीला लेकीकडे राहायला आल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. केस पिकले होते. मांडीवर नात झोपलेली. त्या अगदी लक्ष देऊन ऐकत होत्या. मी मध्येच अडखळलो, पाणी प्यायलो, कसंबसं संपवलं. वाटलं, आता त्या उठतील आणि सगळ्यांसमोर विचारतील. मनातून मला तेच हवं होतं. त्यांनी विचारलं असतं तर मी सुटलो असतो.

लोक पांगल्यावर त्या आल्या. नातीला लेकीकडं दिलं. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "मास्तर, फार बरं वाटलं. मला इतकी वर्षं वाटायचं, मी सगळंच चुकीचं करत होते. म्हणजे रीत बरोबर होती. आवाजच काय तो वाईट होता."

लेक शेजारी उभी होती, मुलीला थोपटत. ती आईकडं बघत होती, मग माझ्याकडं.

मी म्हणालो, "हं."

तेवढंच. 'हं'. चाळीसएक वर्षांत मी बोललेल्या सगळ्या शब्दांत मला तो सर्वांत मोठ्यानं ऐकू येतो. बाहेर मंडळीनं चहा केला होता. मावशींनी मला बशीत बिस्किटं काढून दिली. पुढं चार-पाच वर्षांनी त्या गेल्याचं कानावर आलं. मी दफनाला गेलो नाही. तिथं कोणीतरी मला गीत सांगायला बोलावलं असतं.

आता या वर्षी समितीतली तरुण मुलं घरी आली. पुस्तिका पुन्हा छापायची आहे, काका, तुमचा फोटो हवा. मी त्यांना बसवलं आणि वर लिहिलेलं सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना काका, इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरता? तुम्ही शिकवलंत म्हणून तर पोचलं." त्याच्याबरोबरची मुलगी कांजूरच्या मंडळीत पेटीवर बसते. तिनं पेन काढलं आणि विचारलं, "मग वाक्याखाली कोणाचं नाव टाकायचं?"

मी तोंड उघडलं, आणि नाव येईना.

हजेरीच्या वहीत पाच महिने ते मीच लिहिलं होतं. चिठ्ठीतही लिहिलं असणार. जी माझ्या घरात आली, जिनं माझ्या आईची चादर बदलली, त्या बाईचं नाव मला आठवत नव्हतं. मावशी, एवढंच होतं माझ्याकडं. ती मुलगी पेन धरून थांबली. मग हळूच म्हणाली, "काका, शोधू आपण."

बोरिवलीच्या पाळकसाहेबांकडून तिनंच लेकीचा फोन नंबर मिळवला. लेकही आता साठीला आली आहे. मी फोनवर सगळं सांगितलं, न थांबता, कारण थांबलो असतो तर पुन्हा 'पायरी तुटलीये' म्हणालो असतो. चिठ्ठी खोटी होती, आवाज चांगला होता, रीत त्यांची होती.

"आई घरात गायची," मग ती म्हणाली. "पोरांना झोपवताना. दार लावून घ्यायची आधी. आम्हाला वाटायचं, पोरं जागी होऊ नयेत म्हणून."

मी म्हणालो, "माझी चूक आहे."

"हो, आहे," ती म्हणाली. "आता बोलताय ते बोला पुढं. काय करायचंय?"

मी नाव विचारलं. तिनं सांगितलं, आईचं, वडिलांचं, आडनाव. मी हे सगळं लिहितोय म्हटल्यावर, त्यात नाव नको म्हणाली, पुस्तिकेत छापा. मी कागदावर उतरवून तिला परत वाचून दाखवलं.

"नावाआधी प्रभुवासी लावू का?" मी विचारलं.

"ते काय, सगळ्यांनाच लागतं कधी ना कधी," ती म्हणाली. "पुढं काय लिहिणार? आया?"

"गीतपुढारी."

फोनवर कोणीतरी तिला काहीतरी विचारत होतं. तिनं त्यांना थांबायला सांगितलं.

"हां," ती म्हणाली. "लिहा."